गाडगेबाबांची आठवण : आज स्वतःलाच विचारू या



पैनगंगेच्या अलीकडे आपलं आदिलाबाद, पलीकडे विदर्भ. तिथेच अमरावती जिल्ह्यातल्या शेणगावात २३ फेब्रुवारी १८७६ ला डेबूजी, म्हणजे गाडगेबाबा, जन्मले. वडील झिंगराजी दारूपायी गेले, तेव्हा डेबू लहान होता. आई सखुबाई लेकराला घेऊन माहेरी दापुऱ्याला आली. पंगतीत दारू-मटणाची रीत होती. डेबूजींनी लेकीच्या बारशाला गोडाचं जेवण वाढून ती मोडली. १९०५ ला घर सोडून ते गावोगाव झाडू मारत, कीर्तन करत फिरले, ते २० डिसेंबर १९५६ ला देह ठेवेपर्यंत. कीर्तनात ते प्रश्न विचारायचे, उत्तर लोकांच्याच तोंडून काढायचे.

तसंच आपणही स्वतःला विचारू या. पहिल्यापेक्षा जास्त लागते का? आज नाही असं ठरवूनही पाय तिकडेच वळतात का? घरी लपवावं लागतं का? कुणी टोकलं की राग येतो का? सकाळी हात थरथरतात का?

उत्तर हो आलं, तर आजच घरी सांगू या, डॉक्टरांकडे जाऊ या. रोजची दारू एकदम सोडली तर फिट येऊ शकते, म्हणून डॉक्टरांना विचारूनच सोडायची.

हे घरात सगळ्यांना वाचून दाखवा.