बार्सिलोनाचे चौकोन आखणारा इंजिनिअर: इल्देफोन्स सेर्दा यांची गोष्ट

मोबाइलवर मॅप उघडा, सॅटेलाइट व्ह्यू लावा आणि स्पेनमधलं बार्सिलोना शोधा. समुद्राला लागून जुन्या शहराच्या गल्लीबोळांचा गुंता दिसेल आणि त्याच्याभोवती एकसारखे शेकडो चौकोन. अजून झूम केलं तर लक्षात येईल की प्रत्येक चौकोनाचे चारही कोपरे छाटलेले आहेत. या भागाचं नाव एशाम्पला, म्हणजे विस्तार. किनाऱ्यावरची ही नवी वस्ती 1859 मध्ये एका सिव्हिल इंजिनिअरने कागदावर आखली होती.

आजकाल समुद्रकिनारी नवीन प्रोजेक्ट आला की जाहिरातीत ग्रीन, स्मार्ट, सस्टेनेबल असे शब्द असतातच. मी सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे, त्यामुळे अशा शब्दांपेक्षा मला स्पेसिफिकेशन बघायला आवडतं. इल्देफोन्स सेर्दा यांनी दीडशे वर्षांपूर्वी नेमकं तेच लिहून ठेवलं होतं. त्यातलं काय टिकलं आणि काय गेलं, हे आजही शिकण्यासारखं आहे.

इंजिनिअर कसा घडला?

सेर्दांचा जन्म 1815 चा, कॅटालोनियातल्या सेंटेलस गावचा. घरची शेतीवाडी होती. 1841 मध्ये माद्रिदमधून इंजिनिअर होऊन ते सरकारी नोकरीत लागले. 1844 च्या सुमारास फ्रान्समध्ये नीम इथे त्यांनी वाफेवर चालणारी रेल्वे पाहिली आणि एक विचार डोक्यात बसला: माणसं या वेगाने फिरणार असतील, तर बैलगाडीच्या काळातली शहरं त्यांना पुरणार नाहीत. पुढे भावांच्या मृत्यूनंतर घरची मालमत्ता त्यांच्याकडे आली. 1849 मध्ये त्यांनी नोकरी सोडली आणि शहर या एकाच प्रश्नाला वाहून घेतलं.

आधी डेटा, मग डिझाइन

तेव्हाचं बार्सिलोना तटबंदीच्या आत कोंडलेलं होतं. लष्करी नियमामुळे भिंतीबाहेरच्या मोकळ्या पट्ट्यात बांधकामाला बंदी होती. मग घरं वर चढत गेली आणि गल्ल्या अंधाऱ्या झाल्या. एका हेक्टरात, म्हणजे अडीच एकरांत, 850 च्या आसपास माणसं राहायची. कॉलऱ्याच्या साथी यायच्या. अखेर 1854 मध्ये भिंती पाडायला परवानगी मिळाली.

सेर्दांनी लगेच पट्टी-पेन्सिल घेऊन रस्ते आखले नाहीत. 1855 मध्ये त्यांनी भिंतीबाहेरच्या जमिनीचा चढ-उतारांसह तपशीलवार नकाशा बनवला. मग कामगार कुटुंबांची आकडेवारी गोळा केली: मजुरी किती, भाडं किती, खाण्यावर खर्च किती, खोलीत माणशी हवा किती, कोणत्या वर्गात मृत्यू किती. दाटीत आणि बिनहवेच्या घरात राहणारा मजूर लवकर मरतो, हे त्या आकड्यांत स्पष्ट दिसत होतं. आपल्या भाषेत सांगायचं तर त्यांनी आधी बग शोधला आणि मगच कोड लिहायला घेतला.

प्लॅनमध्ये काय होतं?

प्रत्येक चौकोन साधारण 113 मीटरचा. रस्ते किमान 20 मीटर रुंद, त्यातली निम्मी रुंदी पायी चालणाऱ्यांसाठी. दोन्ही कडांना झाडं. इमारतींची उंची 16 मीटरपर्यंतच. सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे चौकोनाच्या साधारणपणे दोनच बाजूंना घरं आणि बाकी जागा बागेसाठी मोकळी.

सगळी जाळी उत्तरेपासून साधारण 45 अंशांनी वळवलेली आहे, त्यामुळे इमारतीच्या प्रत्येक बाजूला दिवसात कधी ना कधी ऊन मिळतं. रस्त्यांचा एक संच डोंगराकडून समुद्राकडे उतरतो, म्हणजे जमिनीचा नैसर्गिक उतार पाण्याच्या निचऱ्याला कामी येतो. कोपरे छाटले ते वाहनांना वळायला आणि चौकात समोरचं दिसायला. बेसोस नदीच्या बाजूला त्यांनी एक भलंमोठं उद्यान ठेवलं होतं. शाळा, बाजार, दवाखाने हेही सगळ्या भागांत सारखे वाटलेले.

मंजुरी मिळाली, पण...

1859 मध्ये माद्रिदच्या सरकारने हा प्लॅन मंजूर केला. बार्सिलोनाच्या नगरपालिकेने मात्र स्वतःची स्पर्धा घेतली आणि आर्किटेक्ट अंतोनी रोविरा यांना विजेता ठरवलं. 1860 मध्ये सरकारने पुन्हा सेर्दांच्याच बाजूने निर्णय दिला. वरून लादलेला प्लॅन म्हणून शहरातल्या बऱ्याच जणांच्या मनात राग राहिला तो राहिलाच.

खरा धक्का मात्र हळूहळू बसला. बागेसाठी मोकळी ठेवलेली जागा प्लॉटमालकांना फुकट जाताना दिसत होती. आधी उरलेल्या दोन बाजू बांधल्या गेल्या, मग मजले वाढले, मग मधल्या बागेत गोदामं आणि कारखाने आले. बेसोसकाठचं मोठं उद्यान झालंच नाही. किनाऱ्याजवळच्या पोब्लेनोऊमध्ये धुराडी उभी राहिली.

सेर्दांनी 1867 मध्ये शहररचनेच्या सिद्धांतावर मोठा ग्रंथ लिहिला. शहर वसवण्याच्या शास्त्रासाठी त्यांनी स्पॅनिशमध्ये नवा शब्द वापरला. वडिलोपार्जित संपत्ती या कामात संपली, कामाचा पूर्ण मोबदला कधी मिळालाच नाही. 1876 मध्ये, वयाच्या 60 व्या वर्षी, बार्सिलोनापासून दूर उत्तर स्पेनमधल्या काल्दास दे बेसाया इथे कफल्लक अवस्थेत त्यांचं निधन झालं.

टिकलं काय?

रस्ते टिकले, बागा गेल्या. मला या सगळ्या गोष्टीत हाच मुद्दा सगळ्यात मोलाचा वाटतो. रस्ते सार्वजनिक मालकीचे होते, त्यामुळे त्यांची रुंदी कुणाला खाता आली नाही. बागा खासगी प्लॉटवर होत्या, त्यांना फक्त नियमाचा आधार होता, आणि नियम एकेक करून सैल होत गेले. डिझाइन दोन्हीकडे तितकंच चांगलं होतं. फरक होता तो जागेवर हक्क कोणाचा, यात.

म्हणूनच आज बार्सिलोना हिरवळ परत मिळवतंय ती दोन वाटांनी. पालिका काही चौकोनांमधल्या जागा ताब्यात घेऊन तिथे लोकांसाठी बागा उघडते. दुसरी वाट सुपरब्लॉकची. 2016 मध्ये पोब्लेनोऊत नऊ चौकोनांचा एक गट करून आतल्या रस्त्यांवरची गाड्यांची ये-जा कमी केली आणि ती जागा माणसांना दिली. रस्ता मुळातच 20 मीटर रुंद असल्यामुळे त्यात झाडं, बाकं, खेळायची जागा सगळं बसलं.

किनाऱ्यावरच्या एखाद्या नव्या टाउनशिपचं ब्रोशर पुढच्या वेळी व्हॉट्सअॅपवर आलं, तर हिरव्या रंगाचे तुकडे मोजत बसू नका. त्यातला प्रत्येक तुकडा कोणाच्या मालकीचा आहे आणि वीस वर्षांनी त्यावर बांधकाम करायची परवानगी कोण देऊ शकतं, एवढं विचारा.