दोनशे यंत्रं डोक्यात, चाळीस पेटंट कागदावर : मुंबईच्या शंकर आबाजी भिसे यांची गोष्ट

१२ एप्रिल १८६७ रोजी विरारहून मुंबईच्या बॅकबेपर्यंत पहिली लोकल धावली. दिवसातून जाणारी एक आणि येणारी एक, एवढीच. वसईची खाडी ओलांडून, भाईंदरवरून ती बोरिवलीकडे गेली. त्यानंतर सतराच दिवसांनी, २९ एप्रिल १८६७ ला मुंबईत एक मुलगा जन्मला. शंकर आबाजी भिसे. मोठेपणी त्याने ज्या वस्तू बनवल्या त्यात मुंबईच्या लोकलसाठी स्टेशन दाखवणारं एक यंत्रही होतं. आज भाईंदर, मीरा रोडच्या फलाटावर मान वर करून इंडिकेटर बघणाऱ्या हजारो लोकांपैकी किती जणांना हे नाव माहीत असेल, सांगता येत नाही. अमेरिकेत मात्र त्यांना भारताचा एडिसन म्हणत.

भिसे यांनी इंजिनीअरिंगचं रीतसर शिक्षण घेतलं नव्हतं. सायंटिफिक अमेरिकन नावाचं मासिक त्यांच्या हाती लागलं आणि तेच त्यांची शाळा झालं. वयाच्या चौदाव्या वर्षी त्यांनी घरातच कोळशापासून गॅस तयार करायचं साधन बनवलं. पुढे मुंबईत सायंटिफिक क्लब काढला, शास्त्राला वाहिलेलं मराठी मासिकही चालवलं. दृष्टिभ्रमाचे खेळ बसवले आणि ते इंग्लंडात मँचेस्टरला नेऊन दाखवले. कुणी आत काही मिसळलं तर लगेच कळेल अशी बाटली, विजेवर चालणारी सायकलची उपकरणं, असं एकेक सुरूच होतं.

नाव झालं ते वजनकाट्यामुळे. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटच्या वर्षांत लंडनच्या एका नियतकालिकाने स्पर्धा लावली. किराणा माल आपोआप मोजून देणारं यंत्र सुचवा, अशी. भिसेंनी मुंबईत बसून रात्री आराखडा काढला, पाठवला आणि तिथल्या सगळ्या स्पर्धकांना मागे टाकून पहिला नंबर आणला. मग मुंबईतले पुढारी जागे झाले. दिनशा वाच्छांनी लंडनला दादाभाई नौरोजींच्या नावे चिठ्ठी दिली आणि भिसे बोटीत बसले.

इथून पुढची गोष्ट यंत्रांची कमी आणि कागदांची जास्त आहे.

शेतकऱ्याच्या भाषेत सांगायचं तर पेटंट म्हणजे कल्पनेचा सातबारा. ही युक्ती माझी, माझ्या परवानगीशिवाय दुसऱ्याने बनवायची नाही, विकायची नाही, असा सरकारी कागद. पण जमिनीच्या सातबाऱ्यात आणि यात दोन मोठे फरक आहेत. एक, हा कागद ठरावीक वर्षांनी संपतो आणि युक्ती सगळ्या जगाची होते. दुसरा, ज्या देशात काढला त्याच देशात चालतो. लंडनचं पेटंट मुंबईत चालत नाही आणि मुंबईचं न्यूयॉर्कात नाही. प्रत्येक ठिकाणी वेगळा अर्ज, वेगळी फी, वेगळा वकील.

भिसे लंडनला गेले तेव्हा तिथलं पेटंट स्वस्त होतं. चार पौंड सरकारी फी. आधी कच्चा तपशील द्यायचा, मग काही महिन्यांत पूर्ण तपशील नकाशांसकट. त्यावर हरकत घ्यायला लोकांना दोन महिने मिळत, जशी आपल्याकडे फेरफाराला हरकतीची मुदत असते तशी. गंमत अशी की युक्ती खरंच नवीन आहे का, हे तेव्हाचं ब्रिटिश ऑफिस तपासतच नव्हतं. कागद नीट आहेत ना, मग घ्या. नवीन नसेल तर भांडायला कोर्ट आहे! १९०२ साली कायदा बदलला आणि १९०५ पासून परीक्षक मागच्या ५० वर्षांची ब्रिटिश पेटंटं चाळून बघू लागले. अमेरिकेत ही तपासणी १८३६ पासूनच होती. तिथला परीक्षक जुनी पेटंटं समोर टाकायचा. हे तर अमक्याने आधीच केलंय, तुमचं नवीन काय ते दाखवा. मग अर्जदाराने आपला दावा छाटायचा, पुन्हा लिहायचा, पुन्हा पाठवायचा. यात वर्ष जायचं, दोन वर्षं जायची.

भिसेंनी लंडनमध्ये वर्कशॉप थाटलं. पैसा बराचसा दादाभाईंच्या ओळखीतून. दादाभाई १८९२ मध्ये ब्रिटिश पार्लमेंटवर निवडून आलेले पहिले भारतीय, पण स्वतः काही कुबेर नव्हते. तरी त्यांनी या पोराला सांभाळलं. भिसेंच्या हातून काय काय निघालं ते बघा. विजेचा जाहिरात फलक, जो लंडनच्या क्रिस्टल पॅलेसमध्ये लागला. स्वयंपाकघरातली साधनं, टेलिफोन, डोकेदुखीवरचं उपकरण, आपोआप पाणी सोडणारा संडास. एवढंच काय, १९०५ मध्ये बायकांच्या अंतर्वस्त्राचंही पेटंट घेतलं. कोणती वस्तू कधी चालेल याचा नेम नाही, म्हणून त्यांनी सगळीकडे बी टाकून बघितलं असावं.

पण जीव अडकला होता एका यंत्रात. त्याचं नाव भिसोटाइप.

मोबाइलवर बातमी वाचणाऱ्यांना छापखान्यातले खिळे ठाऊक नसतील. तेव्हा प्रत्येक अक्षराचा शिशाचा वेगळा खिळा असायचा. कंपोझिटर खणांतून एकेक खिळा उचलून ओळ जुळवायचा. इंग्रजीचं काम शंभर-दीडशे खिळ्यांत भागतं, पण मराठीत काना, मात्रा, वेलांटी, जोडाक्षरं धरून खिळ्यांचे कितीतरी जास्त प्रकार लागतात. अमेरिकेत मर्गेंथालर यांचं लायनोटाइप १८८६ मध्ये वर्तमानपत्राच्या छापखान्यात बसलं. ते पूर्ण ओळच ओतून काढायचं. मोनोटाइप सुटी अक्षरं ओतायचं. भिसेंचं म्हणणं होतं की आपलं यंत्र याहून वेगाने, याहून स्वस्तात सुटे खिळे पाडेल. मिनिटाला १,२०० खिळ्यांचा आकडा त्यांच्या नावावर सांगितला जातो. लंडनच्या धंदेवाल्यांचा आधी विश्वास बसेना.

आता अडचण नीट समजून घ्या. ब्रिटिश पेटंटची मुदत तेव्हा १४ वर्षं होती आणि ती अर्जाच्या तारखेपासून मोजली जायची. म्हणजे कागद टेबलावर पडला त्या दिवसापासून घड्याळ सुरू. यंत्र तयार नसो, कारखाना नसो, भांडवल नसो, घड्याळ थांबत नाही. शिवाय चार वर्षं झाल्यावर दरवर्षी फी भरायची, तीही वाढत जाणारी. नाही भरली तर पेटंट बाद. पेरणीचा हंगाम निघून चाललाय आणि कर्ज अजून मंजूर व्हायचंय, अशी ही अवस्था. भिसेंच्या कल्पनेला तोटा नव्हता. पैशाची वाट बघण्यात पेटंटची वर्षं खर्ची पडत होती, खरं दुखणं ते होतं.

१९०७ मध्ये दादाभाई कायमचे भारतात परतले. भिसेंच्या मागचा मोठा आधार गेला. दादाभाईंचे मित्र हेन्री हाइंडमन, इंग्लंडमधले नामांकित समाजवादी पुढारी, त्यांनी भिसोटाइपसाठी १५,००० पौंड उभे करायचं कबूल केलं. भांडवलशाहीला शिव्या देणाऱ्या माणसाकडे भांडवल मागायची वेळ यावी! पैसे काही उभे राहिले नाहीत. १९०८ च्या शेवटी भिसेंनी वर्कशॉप बंद केलं आणि मुंबईची बोट धरली.

त्याच बोटीवर गोपाळ कृष्ण गोखले होते. समुद्रप्रवासात भिसेंनी आपली कहाणी सांगितली असणार, कारण उतरल्यावर गोखल्यांनी त्यांची गाठ रतनजी टाटांशी घालून दिली. हे जमशेटजींचे धाकटे चिरंजीव. १९१० मध्ये टाटा-भिसे इन्व्हेन्शन्स सिंडिकेट उभं राहिलं. भिसे पुन्हा लंडनला, पुन्हा यंत्रावर. पण १९१५ मध्ये तेही गुंडाळलं गेलं. महायुद्ध सुरू होतं, यंत्र बाजारात पाय रोवत नव्हतं, आणि टाटांसारख्या घराण्याचाही धीर संपला.

याच काळात कलकत्त्यात दुसरा एक भारतीय पेटंटकडे अगदी उलट नजरेने बघत होता. जगदीशचंद्र बोस. बिनतारी लहरींवर त्यांनी १८९५ च्या सुमारास जे प्रयोग केले ते जगात पहिल्या काहींत मोडतात. मार्कोनीने २ जून १८९६ ला ब्रिटनमध्ये बिनतारी संदेशाच्या पेटंटसाठी अर्ज टाकला, १८९७ च्या जुलैत तो मंजूरही झाला आणि त्यावर कंपनी उभी राहिली. बोसांना मात्र ज्ञान विकणं पटत नव्हतं. शेवटी सारा बुल या अमेरिकन हितचिंतक बाईंनी पुढाकार घेतला आणि लहरी पकडणाऱ्या उपकरणाचा अर्ज ३० सप्टेंबर १९०१ रोजी अमेरिकेत दाखल झाला. मंजुरी मिळाली २९ मार्च १९०४ ला. म्हणजे अडीच वर्षं. बिनतारी यंत्रणा तेव्हा वाऱ्यासारखी धावत होती, अडीच वर्षांत दुनिया बदलत होती. बोसांनी त्या कागदातून पैसा कमावलाच नाही.

बोसांना निदान प्रेसिडेन्सी कॉलेजची नोकरी होती. भिसेंचं पोट पेटंटवर होतं. नको मला हा कागद, असं म्हणायची चैन त्यांना परवडणारी नव्हती. दोघांना एकाच तराजूत घालून कोण थोर ठरवणं म्हणूनच चुकीचं.

१९१६ मध्ये भिसे न्यूयॉर्कला गेले ते तिथलेच झाले. अमेरिकेच्या कायद्यात एक सोय होती. तिथे पेटंटची १७ वर्षं मंजुरीच्या दिवसापासून मोजली जायची. परीक्षकाने दोन वर्षं लावली तरी अर्जदाराची मुदत कापली जात नव्हती. १९२० च्या सुमारास तिथे आयडियल टाइप कास्टर या नावाने कंपनी निघाली आणि भिसेंचं खिळे पाडणारं यंत्र सुधारलेल्या रूपात पुन्हा उभं राहिलं. तरी लायनोटाइप, मोनोटाइपवाल्यांनी तोवर जगभरचे छापखाने धरले होते. उशिरा आलेल्याला बाजारात जागा कुठली?

पैसा मिळाला तो भलत्याच वाटेने. आयोडीनपासून केलेलं औषध. ॲटोमिडीन या नावाने ते अमेरिकेत विकलं गेलं आणि भिसेंच्या मागची वणवण थोडी कमी झाली. उतारवयात ते अध्यात्माकडे वळले. मृतात्म्यांचे निरोप टिपणारा टाइपरायटरही त्यांनी बनवला. यावर हसणारे हसोत, पण स्वतः एडिसनलाही त्या विषयाची ओढ होती. १९३० मध्ये भिसेंनी खऱ्या एडिसनची भेट घेतली. ७ एप्रिल १९३५ रोजी न्यूयॉर्कमध्येच त्यांचं निधन झालं. सुमारे २०० शोध आणि ४० च्या आसपास पेटंट, असा त्यांचा हिशेब सांगतात.

भिसेंना ज्या घड्याळाने छळलं ते आज भारतातही चालू आहे. आपल्या १९७० च्या पेटंट कायद्यात आता मुदत २० वर्षं आहे आणि ती अर्जाच्या तारखेपासून मोजतात. महाराष्ट्रातल्या माणसाचा अर्ज मुंबईत अँटॉप हिलच्या पेटंट ऑफिसकडे जातो. साधारण १८ महिन्यांनी तो प्रसिद्ध होतो. तपासणी आपोआप होत नाही, त्यासाठी वेगळी विनंती करावी लागते. आधी त्याला ४८ महिन्यांची मुदत होती, २०२४ च्या नियमांनी नव्या अर्जांना ती ३१ महिने केली. ही विनंती राहिली तर अर्ज मागे घेतला असं धरतात. परीक्षकाचे आक्षेप आले की उत्तराला सहा महिने.

मोबाइलच्या बाबतीत हा वेळ फार जड जातो. टॉवरचा निरोप आल्यावर फोनने तो किती वेळात वाचायचा आणि किती वेळात उत्तर पाठवायचं, असल्या बारीक गोष्टींवरही पेटंटचे अर्ज पडतात. सेकंदाच्या हजाराव्या भागाचा हिशेब असतो तो. आपला कायदा नुसत्या गणिताला किंवा नुसत्या कॉम्प्युटर प्रोग्रॅमला पेटंट देत नाही. म्हणून परीक्षकाला बघावं लागतं की यात यंत्राचं काम खरंच सुधारतंय का, की फक्त हिशेबाची रीत आहे. तेवढ्यात ४जी जाऊन ५जी येतं. भाईंदर पूर्वेच्या गाळ्यांत स्टीलची भांडी घडवणाऱ्या एखाद्या कारागिराने नवा साचा काढला तरी त्याला हाच रस्ता आहे, फक्त कागद कमी जाड असतील.

भिसेंच्या पेटंटांची मुदत कधीच संपली आहे. ते आता कुणाच्या मालकीचे नाहीत, कुणीही ती यंत्रं बनवू शकतो. जुनी पेटंटं इंटरनेटवर फुकट बघता येतात, हाताने काढलेल्या नकाशांसकट. शोधायचं झालं तर इंग्रजीत आडनावाच्या शेवटी ई आणि वाय लावायचं, ते स्वतः तसंच लिहायचे.