अननसाच्या वासाकडून मोटारीच्या धुराकडे

आरी हागेन-स्मिट हे मूळचे वनस्पतींतील रसायनांचे अभ्यासक. १९०० साली हॉलंडमधल्या उत्रेख्त शहरात जन्म, तिथल्याच विद्यापीठाची डॉक्टरेट आणि १९३७ पासून कॅलिफोर्नियात पासाडिना येथील ‘कॅलटेक’मध्ये अध्यापन. १९४० च्या दशकात ते अननसाचा वास नेमका कोणत्या द्रव्यांमुळे येतो, हे शोधत होते. फळांतून सुटणारी वाफ अतिशीत नळ्यांत गोठवायची आणि जमलेल्या थेंबांचे पृथक्करण करायचे, ही त्यांची रीत. त्यांना मोटारींमध्ये रस असण्याचे काही कारण नव्हते.

पासाडिनाच्या शेजारचे लॉस एंजलिस मात्र तेव्हा धुरक्याने गांजले होते. जुलै १९४३ मध्ये शहरावर असा काही पडदा उतरला की डोळ्यांतून पाणी आणि घशात आग. युद्धाचे दिवस होते, त्यामुळे काहींना शत्रूच्या विषारी वायूची शंका आली. पुढे कृत्रिम रबराच्या एका कारखान्यावर ठपका आला. तो बंद करून पाहिला, पण धुरके राहिलेच. तज्ज्ञांच्या डोक्यात लंडन आणि पिट्सबर्ग होते. तिथे कोळसा जळे आणि त्यातल्या गंधकाचा वायू त्रास देई, म्हणून इथेही गंधकच शोधला गेला. लॉस एंजलिसचे धुरके मात्र लख्ख उन्हात वाढे आणि त्याला ब्लीचिंग पावडरसारखा उग्र दर्प असे. शेतातला पालक आणि बीट यांच्या पानांवर चट्टे पडत आणि गाड्यांच्या टायरना लवकर तडे जात.

हागेन-स्मिट यांनी अननसाच्या नळ्यांतून शहराची हवा ओढून घेतली. हाती आला तो तपकिरी, घाण वासाचा थोडासा द्रव. त्यात पेट्रोलसारख्या इंधनांचे अर्धवट ऑक्सिडीकरण झालेले अंश होते. मग त्यांनी पेट्रोलची वाफ आणि नायट्रोजनची ऑक्साइडे बंद पेटीत एकत्र करून त्यावर प्रकाश सोडला. तोच दर्प आला, पानांवर तसेच चट्टे उठले, रबराला तसेच तडे गेले. सूर्यप्रकाशात या दोन्हींपासून ओझोन तयार होत होता. आकाशात उंचावर असलेला ओझोन आपल्याला अतिनील किरणांपासून वाचवतो. तोच जमिनीलगत श्वासातून आत गेला, की श्वासनलिकांच्या अस्तराला सूज आणतो. दीर्घ श्वास घेताना छातीत दुखते, दमेकऱ्यांना झटके येतात. हे संशोधन १९५२ मध्ये सविस्तर प्रसिद्ध झाले.

धूर दिसत नसला म्हणजे हवा स्वच्छ, ही समजूत त्यातून मोडली. पेट्रोलच्या वाफेचे मोठे स्रोत दोनच होते, तेलशुद्धीकरण कारखाने आणि मोटारी. साहजिकच तेल कंपन्यांच्या पैशावर चाललेल्या एका संशोधन संस्थेने हे निष्कर्ष जाहीरपणे नाकारले. शांत स्वभावाच्या या रसायनज्ञाला ते फार लागले. वासांचा अभ्यास मागे पडला आणि उरलेले आयुष्य हवेच्या कामी गेले.

गाडीच्या धुराला मर्यादा घालायची तर तो मोजायचा कसा, हा पुढचा प्रश्न. उभ्या गाडीच्या सायलेन्सरमध्ये नळी घालून अर्धेच चित्र दिसते. इंजिन आयडलवर कुरकुरत असताना एक वागते आणि चढावर किंवा पिकअप घेताना दुसरेच. म्हणून गाडी जमिनीत बसवलेल्या रोलरवर चढवतात. चाके फिरतात, गाडी जागची हलत नाही आणि रोलरला दिलेल्या अवरोधामुळे इंजिनाला रस्त्यावरच्यासारखा भार मिळतो. कॅलिफोर्नियाने १९६६ च्या नव्या गाड्यांसाठी अमेरिकेतली पहिली धूरमर्यादा घातली. तिची चाचणी अशाच रोलरवर होई: थांबणे, वेग घेणे, एका वेगाने जाणे, वेग कमी करणे, असे सात टप्पे. राज्याच्या या कामात हागेन-स्मिट सहभागी होते.

इथेच एक पेच निघाला. मर्यादा कार्बन मोनॉक्साइड आणि न जळलेल्या इंधनाची होती. ती पाळायचा सोपा उपाय म्हणजे मिक्श्चर लीन करणे, हवा वाढवून पेट्रोल कमी करणे. आकडे खाली आले खरे. पण गरम ज्वाळेला जास्तीचा ऑक्सिजन मिळाला की हवेतलाच नायट्रोजन जळू लागतो, त्यामुळे नायट्रोजनची ऑक्साइडे वाढली. ओझोनच्या दोन पालकांपैकी एकाला आवरताना दुसऱ्याला मोकळीक मिळाली. औषधाने ताप उतरावा आणि मूत्रपिंड बिघडावे, तसे. १९६८ मध्ये हागेन-स्मिट राज्याच्या हवा संसाधन मंडळाचे पहिले अध्यक्ष झाले आणि नायट्रोजनची मर्यादा १९७१ च्या गाड्यांपासून आली. मधल्या वर्षांतल्या, म्हणजे १९६६ ते १९७० च्या गाड्यांवर उपकरण बसवण्याची सक्ती पुढे आली, तेव्हा गाडीमालक नाराज झाले. इंजिनाचे टायमिंग मागे ओढले की अ‍ॅव्हरेज पडते, ही तक्रार अगदीच खोटी नव्हती. १९७३ पर्यंत ते अध्यक्ष होते.

तिन्ही वायू एकदम आटोक्यात आणणारी गाडी त्यांच्या हयातीत, अगदी शेवटी आली. व्होल्वोने कॅलिफोर्नियात विकलेल्या १९७७ च्या मॉडेलमध्ये फ्युएल इंजेक्शन होते आणि सायलेन्सरच्या वाटेवर ऑक्सिजन सेन्सर. एक किलो पेट्रोलला सुमारे १४.७ किलो हवा, या प्रमाणाच्या आसपासच कॅटॅलिटिक कन्व्हर्टर तिन्ही वायूंवर काम करतो. सेन्सर ते प्रमाण क्षणोक्षणी सावरतो. अशी जुनी गाडी आज रोलरवर ट्यून करायची तर मेकॅनिक आधी सेन्सर जिवंत आहे का, कुठे हवा गळते का, हे बघतो. मग भाराखाली वायूंचे आकडे पाहत मिक्श्चरचा लहानसा स्क्रू केसाइतका फिरवतो. सेन्सर मेलेला असताना स्क्रूशी खेळणे व्यर्थ असते. पिकअपसाठी मिक्श्चर रिच ठेवले की कन्व्हर्टर तापून निकामी होऊ शकतो, लीन ठेवले की नायट्रोजनची ऑक्साइडे सुटतात. आपल्याकडे २००० च्या सुमारास गाड्यांच्या पाठीवर ‘एमपीएफआय’ ही अक्षरे झळकू लागली, त्या इंजिनांनाही हेच लागू.

मार्च १९७७ मध्ये फुप्फुसाच्या कर्करोगाने हागेन-स्मिट वारले. एका माणसाच्या आजाराचा संबंध धुरक्याशी जोडता येत नाही, तो मोह टाळलेला बरा. त्याआधी दोनच महिने एल मॉन्टे येथील मंडळाच्या प्रयोगशाळेला त्यांचे नाव देण्यात आले होते.

त्याच प्रयोगशाळेने फोक्सवॅगनच्या डिझेल गाड्या तपासल्या आणि २०१५ मध्ये कंपनीला लबाडी कबूल करावी लागली. चाके फिरताहेत पण स्टीअरिंग हलत नाही, यासारख्या खुणांवरून गाडीतला संगणक ओळखे की आपण रोलरवर आहोत, आणि तेवढ्यापुरता सभ्य वागे. रस्त्यावर नायट्रोजनची ऑक्साइडे मर्यादेच्या ४० पटींपर्यंत जात. आपल्या पीयूसी केंद्रावर तर रोलरही नसतो. पेट्रोल गाडी उभीच असते, नळी कार्बन मोनॉक्साइड आणि हायड्रोकार्बन मोजते. नायट्रोजनच्या ऑक्साइडांचा रकाना त्या प्रमाणपत्रावर नसतो, आणि पीयूसीपुरते मिक्श्चर लीन करून देणारे गॅरेज कोपऱ्यावर असते.