कमला सोहोनी

कमला सोहोनी (माहेरचे आडनाव भागवत, इ.स. १९११ – इ.स. १९९८) या भारतीय जीवरसायनशास्त्रज्ञ होत्या. सायटोक्रोम सी या प्रथिनाचे वनस्पतींच्या श्वसनातील कार्य हा त्यांच्या प्रसिद्ध संशोधनाचा विषय होय. लेखिका दुर्गा भागवत या त्यांच्या भगिनी.

शिक्षण

कमलाबाईंचा जन्म इंदूर येथे झाला. वडील नारायणराव व काका माधवराव हे दोघेही रसायनशास्त्रज्ञ असून बंगळूरच्या टाटा विज्ञान संस्थेचे सुरुवातीच्या काळातील विद्यार्थी होते. इ.स. १९३३ मध्ये मुंबईत बी.एस्सी. झाल्यावर कमलाबाईंनी त्याच संस्थेकडे अर्ज केला. परंतु त्या स्त्री असल्याच्या कारणावरून संचालक सी.व्ही. रामन यांनी तो नाकारला. त्यांनी हा नकार मानला नाही. अखेर प्रवेश मिळाला तो सशर्त: पहिले वर्ष परीक्षाधीन राहायचे आणि संचालकांचे समाधान झाल्यावरच केलेले काम अधिकृत ठरायचे. एम. श्रीनिवासय्या यांच्या मार्गदर्शनाखाली त्यांनी दूध व कडधान्यांतील प्रथिनांचा अभ्यास केला. वर्षभरात रामन यांचे मत पालटले आणि इतर स्त्रियांनाही संस्थेत प्रवेश मिळू लागला.

केंब्रिजमधील संशोधन

केंब्रिजला त्यांनी प्रथम डेरेक रिक्टर व नंतर रॉबिन हिल यांच्याकडे काम केले. डेव्हिड केलिन यांनी इ.स. १९२५ मध्ये सायटोक्रोम या श्वसनरंजकांचे वर्णन केले होते. वनस्पतींमधील त्यांचे कार्य मात्र पुरेसे उलगडले नव्हते. बटाट्यावर प्रयोग करताना कमलाबाईंना त्याच्या ऊतींमध्ये सायटोक्रोम सी आढळले. इ.स. १९३९ मध्ये त्यांना पीएच.डी. मिळाली. त्यांचा प्रबंध अवघा ४० पृष्ठांचा होता.

या प्रथिनाचे पेशीतील नेमके स्थान पुढील दशकांत स्पष्ट झाले. सस्तन प्राण्याचे यकृत असो वा बटाटा, ते तंतुकणिकेच्या म्हणजे मायटोकॉन्ड्रियाच्या आतील पटलाच्या बाह्य पृष्ठाला सैलसर चिकटलेले असते. सायटोक्रोम ऑक्सिडेज हे विकर (एन्झाइम) मात्र त्याच पटलात आरपार रुतलेले असते. सायटोक्रोम सी त्याला इलेक्ट्रॉन आणून देते, विकर ते ऑक्सिजनकडे सोपवते आणि पाणी तयार होते. स्थान सुटले तर परिणाम गंभीर होतो: सस्तन प्राण्यांच्या पेशीत हे प्रथिन तंतुकणिकेबाहेर पेशीद्रवात आले, की पेशीचा नियोजित मृत्यू सुरू होतो. हे इ.स. १९९६ मध्ये, म्हणजे कमलाबाईंच्या हयातीतच, प्रसिद्ध झाले.

उत्तरायुष्य

भारतात परतल्यावर त्यांनी दिल्ली व कुन्नूर येथे काम केले. इ.स. १९४७ मध्ये एम.व्ही. सोहोनी यांच्याशी विवाह झाल्यावर त्या मुंबईच्या विज्ञान संस्थेत आल्या व पुढे तेथे संचालक झाल्या. नीरेच्या पोषणमूल्यावरील संशोधनासाठी त्यांना राष्ट्रपती पुरस्कार मिळाला. ग्राहक चळवळीतही त्यांनी काम केले.