ग्रेस हॉपर : उलटं घड्याळ लावणारी अ‍ॅडमिरल

कंपायलर हा शब्द आपण फर्स्ट इयरपासून ऐकतो. प्रोग्राम लिहायचा, कंपाइल करायचा, एरर मोजायच्या आणि व्हायव्हाला दोन ओळींची व्याख्या सांगायची. पण ही कल्पना प्रत्यक्षात आणणाऱ्या बाईंचं नाव किती जणांना माहीत असतं?

ग्रेस हॉपर यांचा जन्म ९ डिसेंबर १९०६ चा, न्यूयॉर्कचा. सात वर्षांच्या असताना घड्याळ कसं चालतं ते बघायला त्यांनी घरातली गजराची घड्याळं एकामागून एक खोलली. शेवटी आईने एकाच घड्याळावर परवानगी आणली! पुढे १९३४ मध्ये येल विद्यापीठातून गणितात पीएच.डी. केली आणि व्हॅसार कॉलेजात त्या शिकवत होत्या.

दुसरं महायुद्ध सुरू झालं. नौदलात जायचं तर वय जास्त आणि वजन कमी. तरीही खास सूट मिळवून त्या १९४३ मध्ये भरती झाल्या. पोस्टिंग मिळालं हार्वर्डला, मार्क वन या सुमारे साडेपंधरा मीटर लांबीच्या कॉम्प्युटरवर. १९४७ मध्ये मार्क टूच्या रिलेत पतंग सापडला, ती गोष्ट हॉपरबाई नेहमी सांगत. त्यावरून बग हा शब्द त्यांनीच काढला असं आपण समजतो, पण तो आधीपासून वापरात होता.

त्यांचं खरं काम वेगळंच. त्या काळी प्रोग्रामर तेच तेच सबरूटीन वहीतून हाताने उतरवत आणि उतरवताना चुका करत. हे काम मशीननेच का करू नये? १९५२ पर्यंत युनिव्हॅकवर त्यांनी ए-झीरो तयार केला. टेपवर ठेवलेली सबरूटीन नंबरावरून शोधून तो पूर्ण प्रोग्राम जोडायचा. आजच्या भाषेत तो लिंकर-लोडरच्या जवळचा. तेव्हा मात्र लोकांचा विश्वासच बसेना, कारण कॉम्प्युटर फक्त आकडेमोड करतो अशी पक्की समजूत होती. नंतर त्यांनी इंग्रजी शब्दांत लिहायची फ्लो-मॅटिक ही भाषा केली आणि १९५९ मध्ये सुरू झालेल्या कोबोलवर तिचा मोठा प्रभाव पडला.

१९६६ अखेर नौदलाने त्यांना निवृत्त केलं, पण १९६७ मध्ये सहा महिन्यांसाठी परत बोलावलं. ते सहा महिने जवळपास एकोणीस वर्षं चालले! कारण असं, की प्रत्येक कंपनीचा कोबोल कंपायलर थोडा वेगळा वागायचा. एका मशीनवरचा प्रोग्राम दुसऱ्यावर अडायचा. हॉपरबाईंच्या गटाने कंपायलरच तपासणारे प्रोग्राम लिहिले. म्हणजे स्टँडर्डच्या परीक्षेला आता कंपायलर बसणार!

हा मुद्दा आपल्यालाही लागू आहे. काही लॅबमध्ये अजून टर्बो सी++ ३.० चालतो, म्हणजे नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीचा. सी++ चं पहिलं आयएसओ स्टँडर्ड आलं १९९८ मध्ये. म्हणून आपल्याला व्हॉइड मेन, क्लिअरस्क्रीन आणि दोन बाइटच्या इंटिजरची सवय लागते, आणि नव्या कंपायलरवर तोच प्रोग्राम कोसळतो. तेव्हा आपण म्हणतो, नवा कंपायलर कटकट्या आहे. खरं तर आपण भाषा शिकलेलोच नसतो, एका कंपायलरच्या लकबी शिकलेलो असतो.

जुना कंपायलर फेकूनच द्यावा असं नाही. एखादं मशीन विशिष्ट कंपायलरवर टेस्ट होऊन बाजारात गेलं असेल, तर बदल केल्यावर सगळं टेस्टिंग पुन्हा करावं लागतं. तिथे जुना जपणं शहाणपणाचं. पण शिकणाऱ्यांना ही अडचण नसते. जीसीसी फुकट मिळतो. उरते ती फक्त सवय.

सवयीवर हॉपरबाईंचा फार राग. त्यांच्या ऑफिसात उलट फिरणारं घड्याळ होतं. वेळ बरोबर दाखवायचं, फक्त बघणाऱ्याला थोडा विचार करावा लागायचा. १९८६ मध्ये, वयाच्या ७९ व्या वर्षी, त्या रिअर अ‍ॅडमिरल म्हणून निवृत्त झाल्या आणि पुन्हा नोकरीला लागल्या. १ जानेवारी १९९२ ला त्यांचं निधन झालं.

तेव्हा मित्रांनो, आपला एक जुना प्रोग्राम नव्या कंपायलरवर चालवून बघा. जितक्या एरर येतील, तितक्या सवयी सापडतील!