जमीन पाहून पाणी देणारे विश्वेश्वरय्या

सर मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या म्हटले की कृष्णराजसागर धरण आणि म्हैसूरचे दिवाणपद आठवते. पण या माणसाची नोकरी सुरू झाली ती आपल्या नाशकात, हे पुष्कळांना ठाऊक नसते.

जन्म कर्नाटकातल्या मुद्देनहळ्ळीचा. वडील लवकर गेले. शिकवण्या करून बंगलोरला 1881 साली बी. ए. केले, मग म्हैसूर सरकारच्या शिष्यवृत्तीवर पुण्यात इंजिनिअरिंग. 1883 साली परीक्षेत पहिले आले आणि 1884 मध्ये मुंबई इलाख्याच्या बांधकाम खात्यात सहायक अभियंता म्हणून नाशिकला रुजू झाले. तेथून खानदेशात. साक्रीकडच्या दातर्तीला पांझरेच्या पाण्यावर नळाचे काम होते, तेही ऐन पावसाळ्यात. पुराने काम अडले, पण ते पुरे करूनच दाखवले.

पांझरेच्या काठी तेव्हा फड पद्धत जोरात होती. आपल्या बागलाणातही मोसम आणि आरम नद्यांवर ती शेकडो वर्षांची आहे. बंधाऱ्याखालची जमीन तीन-चार फडांत वाटायची, एका फडात एकच पीक, आणि दरसाल पीक फड बदलणार. एका फडात ऊस, दुसऱ्यात भुसार. पाटकरी ठरवील त्या पाळीने पाणी. माझा आपला अंदाज असा, की तरुण इंजिनिअरने हे डोळे उघडे ठेवून पाहिले असणार.

कारण पुढे 1899 च्या सुमारास पुणे भागातले कालवे त्यांच्याकडे आले, तेव्हा त्यांना नेमके उलटे दिसले. कालव्याच्या तोंडाशी असलेला माणूस पाहिजे तेव्हा पाणी घ्यायचा, त्याच रानात सालोसाल ऊस, आणि शेवटच्या गावाला कोरडे पाट. त्यांनी पाळीपाळीने पाणी सुरू केले तेव्हा मोठा विरोध झाला, वर्तमानपत्रांतही टीका झाली. पण ते हटले नाहीत. मग त्यांनी ब्लॉक पद्धत मांडली. पाण्याचे क्षेत्र गावोगाव चांगल्या जमिनीच्या गटात आणायचे. गटाच्या साधारण तिसऱ्या हिश्शात उसासारखे जास्त पाण्याचे पीक, बाकीच्यात हलकी पिके, आणि ऊस दरवर्षी जागा बदलणार. नीरा कालव्यावर ही पद्धत आली.

यात जमिनीचा संबंध काय, असे कोणी विचारील. नीरेचा डावा कालवा 1885 साली सुरू झाला. खोल काळ्या जमिनीला बारमाही पाणी मिळाले, निचरा नव्हता, खालचे पाणी वर आले आणि त्यासोबत क्षारही. 1910 साली पुण्याच्या कृषी महाविद्यालयाच्या डॉ. हॅरॉल्ड मान यांनी ताम्हणे यांच्यासह नीरा खोऱ्यातल्या खारवट जमिनींवर पुस्तिकाच काढली. ऊस फिरता ठेवला तर जमिनीला मधे श्वास मिळतो. तेवढ्याने खारवटपणा संपला नाही हे खरे. चर काढावेच लागले. पण रोगाचे मूळ पाण्याच्या रीतीत आहे, हे समजले.

आपल्याकडे नांदूरमध्यमेश्वरचे कालवे निफाडकडून कोपरगावकडे जातात, तिथेही हेच दुखणे आहे. म्हणून कालव्याखालची जमीन घेणाऱ्याने सातबारा पाहिला म्हणजे झाले असे समजू नये. उताऱ्यावर जिरायत-बागायत कळते, चोपण कळत नाही. उन्हाळ्यात रानात जा. ढेकळांवर पांढरी बुरशीसारखी खार दिसते का, पाऊस पडून गेल्यावर पाणी किती दिवस थांबते, ओली माती साबणासारखी निसटते का, हे पाहा. तीन फुटांचा खड्डा घ्या. खाली मुरूम लागला तर निचऱ्याला बरे, चिकण लागली तर सावध. प्रत्येक फुटाची माती वेगळी पिशवीत भरून तपासायला द्या. सामू साडेआठच्या वर आणि सोडियम जास्त आले की ती चोपण. द्राक्षवाल्यांनी चुनखडीही विचारावी, खुंट कोणता घ्यायचा ते त्यावर ठरते. विहिरीचे पाणीही सोबत तपासा.

ग्रामसेवक आणि सरपंचांसाठी एक गोष्ट: शाळाखोली बांधताना पाया काळ्या मातीत टेकवू नका. ही माती पावसात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते, आणि भिंत तिच्याबरोबर हलते. मुरूम लागेपर्यंत खाली जा. मुरूम फार खोल असेल तर इंजिनिअरला विचारून वेगळा पाया घ्या. इगतपुरी-पेठच्या तांबड्या रानातला नकाशा निफाडच्या काळ्या रानात चालत नाही.

विश्वेश्वरय्यांनी खडकवासल्याला 1903 साली आपोआप उघडणारे दरवाजे बसवले, 1908 मध्ये मुंबई सरकारची नोकरी सोडली, 1912 ते 1918 म्हैसूरचे दिवाण होते. 1955 साली भारतरत्न. 14 एप्रिल 1962 रोजी शंभरी ओलांडून ते गेले. 15 सप्टेंबर हा त्यांचा जन्मदिवस अभियंता दिन म्हणून पाळतात. नीरेप्रमाणे गोदावरीच्या कालव्यांवरही उसाचे ब्लॉक आले आणि ब्लॉकवाला शेतकरी हा शब्द कोपरगावकडे रुळला. ज्या फड पद्धतीशी त्याचे इतके साम्य, ती बागलाणात त्याच्याही आधीपासून चालत आलेली.