विश्लेषण : जगाची भूक मोजणारे डॉ. पां. वा. सुखात्मे कोण होते?

जागतिक भूक निर्देशांक जाहीर झाला की भारताच्या क्रमांकावरून वाद रंगतो. त्यातील कुपोषितांच्या प्रमाणाचा आकडा संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेकडून (एफएओ) येतो. तो काढण्याच्या पद्धतीचा पाया एका मराठी संख्याशास्त्रज्ञाने घातला.

सुरुवात कुठून झाली?
पांडुरंग वासुदेव सुखात्मे यांचा जन्म १९११ मध्ये सातारा जिल्ह्यातील बुध गावी झाला. पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात शिकून ते लंडनला गेले. १९३६ मध्ये त्यांना डॉक्टरेट मिळाली. १९४० पासून त्यांनी दिल्लीच्या कृषी संशोधन परिषदेत पीक कापणी प्रयोगांना शास्त्रीय बैठक दिली. मोजणीचा तुकडा फार लहान घेतला तर उत्पादन फुगलेले दिसते, हे त्यांनी दाखवून दिले. आज बोदवड तालुक्यातील शेतकऱ्याची पीकविमा भरपाई ठरताना असेच प्रयोग पाहिले जातात.

एफएओमध्ये काय केले?
१९५१ पासून सुमारे २० वर्षे ते एफएओच्या संख्याशास्त्र विभागाचे प्रमुख होते. जगातील दोन तृतीयांश लोक भुकेले आहेत, असे तेव्हा सर्रास सांगितले जाई. देशातील एकूण अन्नाला लोकसंख्येने भागले की सरासरी मिळते. पण ती पुरेशी असली तरी गरिबाचे ताट रिकामे असू शकते. म्हणून सुखात्मे यांनी कुटुंब पाहण्यांतून अन्नाची विषम वाटणी तपासली आणि किमान गरजेच्या खाली किती जण येतात याचा अंदाज बांधला. १९६१ मध्ये त्यांनी अर्धपोटी लोकांचे प्रमाण १० ते १५ टक्के मांडले.

वाद कशावरून?
१९७१ मध्ये वि. म. दांडेकर आणि नीळकंठ रथ यांनी २२५० उष्मांकांवर दारिद्र्यरेषा आखली. पुण्यात परतलेल्या सुखात्मे यांचा याला आक्षेप होता. माणसाची गरज रोज बदलते आणि शरीर काही मर्यादेपर्यंत जुळवून घेते. त्यामुळे सरासरी गरज हीच रेषा धरली तर संख्या फुगते, असे त्यांचे म्हणणे. रेषा खाली आणली की गरिबी झाकली जाते, असे टीकाकारांचे उत्तर होते. दांडेकरही त्यांत होते. हा वाद मिटला नाही. सुखात्मे १९९७ मध्ये निवर्तले.

आज काय लक्षात घ्यावे?
दोन देशांची तुलना करताना क्रमांकाआधी तीन गोष्टी पाहाव्यात : किमान गरजेची रेषा कुठे आखली, वाटणीची पाहणी कोणत्या वर्षाची आणि आकडा मोजलेला की अंदाजित. रेषा थोडी सरकली तरी कोट्यवधी माणसे भुकेल्यांच्या यादीत येतात किंवा यादीबाहेर जातात.